लाल बटण आणि पालथी पाटी

आमच्या शाळेत टू-इन-वन आला त्या दिवशी पहिलीपासून चौथीपर्यंत कुणी काही शिकवलं नाही आणि कुणी काही शिकलंही नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. काय दिवस होता तो!

चौथीतल्या एका मुलाचे वडील आखातात कामाला होते. ते सुट्टीवर आले ते शाळेसाठी हा खोका घेऊनच. काळाकुळकुळीत, चकचकीत, वर उभी राहणारी एरियल, पुढे रेडिओचा काटा आणि त्याखाली कॅसेटची छोटी खिडकी. आमचे मुख्याध्यापक पेडणेकर सर एरवी खडूसुद्धा अर्धा मोडून देणारे. पण त्या दिवशी त्यांनी शिपायालाही हात लावू दिला नाही. फाटकापासून ऑफिसपर्यंत स्वतः छातीशी धरून आणला, गणपती आणतात तसा. मागे सगळी पोरं. मोरया म्हणायचं तेवढं बाकी होतं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. शाळा अंधेरीला, मरोळ गावठाणाला लागून. निम्मी मुलं गावठाणातली, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतली. त्यांच्याकडे तेव्हा अजून थोडी भातशेती होती. बाकीची आमच्या कोकणातल्या माणसांची, चाळीत राहणारी, बाप गिरणीत नाहीतर कारखान्यात. डोक्यावरून सारखी विमानं. विमान आलं की बाईंनी बोलता बोलता थांबायचं आणि ते गेलं की त्याच शब्दावरून पुढे निघायचं, ही आमच्याकडची पद्धत. नव्या बाईंना ती जमायला वेळ लागायचा, मला मात्र घरीसुद्धा विमान ऐकलं की थांबायची सवय लागली होती आणि आमचे हे म्हणायचे, "बरं आहे, तेवढीच घरात शांतता."

तर त्या दिवशी खोका ऑफिसच्या टेबलावर ठेवला आणि सर म्हणाले, "परब बाई, तुम्ही बोला काहीतरी. तुमचा आवाज खणखणीत."

मला काय, तेवढंच हवं होतं. आपण रेडिओवर बातम्या देणाऱ्या बायकांसारखं शुद्ध बोलतो, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. मी पदर सावरला, घसा खाकरला आणि "मुलांनो, नेहमी खरे बोलावे" वगैरे सुविचार ठोकून दिला. सरांनी कॅसेट मागे नेली. बटण दाबलं.

अगं बाई! हे कोण बोलतंय? नाकातला चिरका आवाज, आणि शब्द असे हेल काढत येताहेत की जणू आमच्या कुडाळच्या घरी विहिरीवरून माझी आई मोलकरणीला हाक मारतेय! दारात उभी असलेली पोरं हसून हसून लोळायची बाकी. सरसुद्धा रुमाल तोंडाला लावून उभे. मी ओरडले, "पुसा! आधी ते पुसा!" आपला आवाज बाहेरून ऐकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पुढे जे काही झालं ते समजायला मला तो अनुभव फार उपयोगी पडला.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'वर्गातलं तंत्रज्ञान' असा भारदस्त विषय दिला आहे. आमचं तंत्रज्ञान म्हणजे हा एक खोका, एका कानात घालायचा इयरफोन आणि थोड्या कॅसेटी. वर्गात वीज नव्हती. सेल संपत आले की आम्ही ते काढून व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात ठेवायचो, कुरडया वाळत घालतात तसे, आणि एखादी मुलगी कावळ्यांवर लक्ष ठेवायला बसायची. कावळे सेल नेत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही, पण तेवढीच तिला मोकळी हवा.

बाहेरच्यांना वाटतं, मशीन लावलं की शिकवणं सोपं होतं. आमच्या शिंत्रे बाईंनाही तसंच वाटलं. त्या दुसरीच्या वर्गावर. हुशार बाई, पण चहाच्या फार शौकीन. त्यांनी सगळे पाढे टेपवर भरले आणि सकाळी वर्गात टेप लावून त्या खुशाल चहाला जायला लागल्या. वर्ग एका सुरात पाढे म्हणतोय, बाहेरून जाणाऱ्याला वाटावं काय शिस्त आहे! महिनाअखेरीला सरांनी तोंडी परीक्षा घेतली. पहिल्या मुलाने सुरू केलं, "बेएए एकेएए बेएए..." सर म्हणाले, "आजारी आहेस का रे?" दुसरा उठला, तोही तसाच रेकत. सेल उतरलेले असताना मशीनचा आवाज ओढला जातो, तोच सूर पोरांनी पाठ केला होता. आणि गंमत पुढेच आहे. "बे पंचे दहा" झालं की प्रत्येक मूल दोनदा खोकायचं आणि मग "बे सख बारा". टेप भरताना शिंत्रे बाईंना खोकला झाला होता! "बे आठे सोळा" नंतर तर अख्खा वर्ग एका दमात म्हणाला, "बाई, कटिंग ठेवलाय!" आणि मग शांतपणे "बे नवे अठरा".

शिंत्रे बाई स्वतःच डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पण त्या दिवसापासून आमचा एक नियम झाला: टेप चालू असताना बाईंनी वर्ग सोडायचा नाही. पोराला खोकला कुठला आणि पाढा कुठला, हे मशीन सांगत नाही. ते सांगायला बाई लागतात आणि त्यासाठीच त्यांना पगार मिळतो.

दुसरा नियम मात्र आम्ही केला नाही, तो गण्याने केला.

गण्या माझ्या वर्गातला, म्हणजे तिसरीतला. वर्गाचा दादा. मी मुलांना एकेक करून टेपवर 'मला काय वाटतं' हे बोलायला सांगत होते. लिहिताना अडणारी मुलं टेपवर धबधब्यासारखी बोलायची, मला तर वेड लागायची पाळी आली होती आनंदाने. गण्यानेही छाती पुढे काढून सुरुवात केली, "मी कुणाच्या बापाला भीत नाय." आणि मग बोलण्याच्या भरात सांगून टाकलं की फक्त गावठाणातला एक कोंबडा आहे, तो मागे लागला की आपली वाट लागते. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आत मॉनिटरने ती टेप वर्गाला ऐकवली. झालं! गण्या दिसला की जिकडेतिकडे कुकूचकू.

मधल्या सुट्टीत माझ्यादेखत सरांनी नळापाशी गण्याला पकडलं. त्याने कॅसेटमधली फीत ओढून बाहेर काढली होती आणि पाटी पुसायच्या ओल्या स्पंजने ती घसघसून पुसत होता. फितीचा गुंता, गुंत्यातून पाणी गळतंय आणि गण्याच्या डोळ्यांतूनही.

"हे काय चाललंय रे?" सर गरजले.

"पुसतोय, सर."

"कॅसेट अशी पुसतात? कुणाला विचारून घेतलीस?"

गण्या म्हणाला, "पण माझीच हाय ना ती? मीच बोललोय ना? मग ह्यांनी का आयकली?"

सर काही बोलणार होते, ते थांबले. विमान वगैरे काही नव्हतं. तरी थांबले.

ते का थांबले हे कळायला आमच्या शाळेतली पाट्यांची रीत कळायला हवी. मुलं गणित सोडवायची ती पाटीवर. गणित झालं की पाटी मांडीवर पालथी घालायची आणि बाई येईपर्यंत हात वर करून बसायचं. पालथी पाटी म्हणजे बंद दार. दुसऱ्याची पालथी पाटी उलटून बघितली, तर पेडणेकर सर त्याला पूर्ण तासभर वर्गाच्या दाराशी उभं करत. आणि दुसऱ्याची पाटी त्याला न विचारता पुसली, तर त्याहून जास्त. "चुकलं असेल तर त्याचं त्याला पुसू द्या," हे सरांचं वाक्य शाळेत इतक्या वेळा ऐकू यायचं की ते भिंतीवर लिहायची गरजच पडली नाही.

आता त्यांच्यासमोर गण्या उभा होता आणि त्यांचाच कायदा त्यांना सांगत होता. सरांनी गुंता हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "बाई, पोरगं बरोबर बोलतंय. काहीतरी करा."

मी काय करणार? वर्गालाच विचारलं. चांगला दीड तास भांडण झालं! त्यातून जी पद्धत ठरली ती अशी. लाल बटणावर आठवड्याला एक मूल बसणार. जो बोलेल त्याने आपला आवाज आधी एकट्याने ऐकायचा, इयरफोन कानात घालून. मग बटणवाल्याने विचारायचं, "ठेवू की पुसू?" पूस म्हटलं की तिथल्या तिथे पुसायचं, का म्हणून विचारायचं नाही. ठेव म्हटलं तर दुसरा प्रश्न, "कुणाला ऐकवू?" मी यात फक्त एक भर घातली. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचे दोन छोटे कान असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर परत काही भरता येत नाही, म्हणजे पुसताही येत नाही. जी कायमची ठेवायची तिचे कान बाई कात्रीने मोडतील. पोरांना हे भलतंच आवडलं. बाई कुणाचे तरी कान मोडणार म्हटल्यावर आवडणारच!

आता फिलूकडे येते. तिच्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला बसले आहे. फिलू हे तिचं नाव नाही.

फिलू गावठाणातली. तीन वर्षं शाळेत येत होती आणि शाळेत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. बहिरी नाही, मुकी नाही. घरी चुरूचुरू बोलायची, असं तिची आई सांगे. पहिलीत असताना तिने वर्गात घरच्या बोलीत काहीतरी सांगितलं होतं, त्याला पोरं हसली होती. बास, त्या दिवसापासून कुलूप. पाटीवर सगळं बरोबर लिहायची आणि पाटी पालथी घालून माझ्याकडे बघत बसायची. मी लाडीगोडी केली, रागावले, चॉकलेटं दिली. तोंड म्हणून उघडलं नाही.

मग मी एक कोरी कॅसेट तिच्याचसाठी वेगळी काढली. रोज मधल्या सुट्टीत फिलू, मी आणि तो खोका असे तिघंच वर्गात बसायचो. ती बटण दाबायची आणि मी पाठ करून खिडकीपाशी उभी राहायचे. पहिले कित्येक दिवस टेपवर नुसता तिचा श्वास, बाहेरची पोरं आणि विमानं. ती ते इयरफोनने मन लावून ऐकायची आणि परत दुसऱ्या दिवशी बटण दाबायची. आणि एक दिवस माझ्या पाठीमागे बारीक आवाज आला. थांबला. परत आला. मी वळले नाही. खिडकीचा गज असा घट्ट धरला होता की हाताला गंज लागला. ती बोलत होती! अडखळत, मध्येच रडत, मध्येच हसत, पण बोलत होती.

ऐकून झाल्यावर ती माझ्याकडे आली आणि इयरफोन माझ्या हातात दिला. "बाई आयका. बाकी कोन नाय."

मी ऐकलं. काय ऐकलं ते बाजूला ठेवू. पण मी स्टाफरूममध्ये जवळजवळ पळतच गेले आणि म्हणाले, "फिलू बोलली!" शिंत्रे बाईंनी चहा खाली ठेवला, म्हणजे बघा.

आनंदाच्या भरात सरही होते, आणि तिथेच पंचाईत झाली. शाळांच्या तपासणीचे एक साहेब त्याच सुमारास येणार होते. ज्या शाळेत असली साधनं चांगली वापरली जातात, तिला रंगीत टीव्ही मिळायचा होता. रंगीत टीव्ही! त्या काळी आख्ख्या चाळीत एखाद्याकडे असायचा आणि त्याच्या दारात चपलांचा डोंगर असायचा. शाळेसाठी दुपारी खास कार्यक्रम लागत. सरांना रात्रंदिवस त्याचंच वेड. त्यांनी जागासुद्धा ठरवून ठेवली होती, हॉलमधल्या कपाटावर, तीनशे पोरांना दिसेल अशी.

त्यांनी मला बोलावलं. "बाई, फिलूची टेप. साहेबांसमोर आधी ती नुसती श्वासांची लावायची, मग ते अडखळणं, आणि मग ती बोलते ते. पालक असतील, ट्रस्टी असतील. अंगावर काटा येईल हो लोकांच्या! टीव्ही आपलाच."

"सर, तिने फक्त मला ऐकायला दिली आहे."

"मग विचारा तिला. पद्धत आहे ना तुमची? नऊ वर्षांची पोर, तुम्ही सांगाल ते ऐकेल."

हेच तर मला नको होतं. बाईंनी विचारणं आणि बाईंनी सांगणं यात मुलाला फरक कळत नाही, म्हणून विचारताना आपणच फार सांभाळावं लागतं. मी फिलूला मधल्या सुट्टीत सगळं सांगितलं. टीव्हीचंही सांगितलं, लपवलं नाही. आणि म्हटलं, तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही.

तिने इयरफोनची वायर बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "कपाटाची चावी कोनाकडे हाय?"

कॅसेटी सरांच्या कपाटात असत. मी म्हटलं, "सरांकडे."

"मंग पुसा."

मला तिला सांगायचं होतं, अगं, हे तुझं पहिलं बोलणं आहे. हे परत मिळणार नाही. तू मोठी झालीस की तुला हवंसं वाटेल. पण पद्धतीत 'का' विचारायचं नव्हतं. कॅसेटचे कान अजून मोडलेले नव्हते. मी म्हटलं, "चल."

कॅसेट पुसायची म्हणजे तिच्यावर दुसरं काहीतरी भरायचं, नाहीतर नुसती शांतता भरायची. तेवढा वेळ ती फिरू द्यावी लागते. आम्ही दोघी बाकावर शेजारी शेजारी बसलो. फिलूचं बोट लाल बटणावर, बटण दाबून झालं तरी तिने ते उचललं नाही.   खिडकीत फीत एका चाकावरून दुसऱ्या चाकावर जात होती आणि मध्येच एक विमान आलं, चांगलं मोठं. तिच्या पहिल्या शब्दांच्या जागी ते विमान जाऊन बसलं. फिलूने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच, टेपचा विषय नसताना, आपण होऊन मला म्हणाली, "जोरात व्हता ना, बाई?"

मी सरांना जाऊन सांगितलं. ते खुर्चीत बसले ते उठेचनात.

"पुसली? बाई, टीव्ही गेला हो! पोरांच्याच भल्यासाठी मागत होतो ना मी? माझ्या घरी नेणार होतो का?"

"नाही सर. पण ती पालथी पाटी होती."

 "माझंच शस्त्र माझ्यावर का?" एवढं म्हणाले आणि दारातून हॉलमधल्या कपाटावरच्या त्या मोकळ्या जागेकडे बघत बसले. मला त्यांचं फार वाईट वाटलं. माणूस खरंच पोरांसाठी झुरत होता.

तो दिवस उजाडला. साहेब आले. सफारीतले, भारदस्त, गालात पान. मागे ट्रस्टी, आमचे पालक, दोन-चार शाळांचे मुख्याध्यापक. सगळे माझ्या वर्गात दाटीवाटीने उभे. सर घामाघूम. साहेबांनी पान गिळलं आणि म्हणाले, "काय ती टेप आहे म्हणे तुमच्याकडे, मुकी मुलगी बोलली वगैरे? लावा की!"

सरांनी रुमालाने घाम पुसला. मग त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताठ उभे राहिले. "साहेब, ती टेप नाही. पण मुलं मशीन कसं वापरतात ते दाखवतील."

"बरं, दाखवा." साहेबांचा उत्साह तिथेच निम्मा झाला.

मी वर्गाला विचारलं, "कोण बोलणार आज?"

एकही हात वर येईना. एवढी माणसं बघून सगळ्यांच्या पाट्या पालथ्या! शेवटी गण्या उठला आणि म्हणाला, "पाहुण्यांना पयला चान्स द्यायचा ना, बाई?"

सगळे हसले. साहेब मात्र खूश झाले. माइकसमोर बोलायचं म्हटल्यावर कुठला साहेब नाही म्हणेल? ते खोक्यासमोर वाकले, घसा साफ केला आणि "माझ्या बालमित्रांनो, आजचे युग हे यंत्राचे युग आहे" असं जे सुरू झाले ते थांबेनात. विमान आलं तरी थांबले नाहीत. संपल्यावर टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, "हं, आता ऐकवा सगळ्यांना."

"नाय, साहेब," गण्या म्हणाला. "आधी तुमी एकट्याने आयकायचं." आणि इयरफोन त्यांच्या हातात ठेवला.

साहेबांनी तो कानात घातला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण पुढे काय होणार ते मला अनुभवाने माहीत होतं. आधी ते हसरे. मग भुवया वर. मग गाल खाली. हळूहळू त्यांचा हात सफारीच्या गळ्याकडे गेला. "हा... हा मी?" ते पुटपुटले. 

आणि मग मला एकदम आठवलं. पद्धतीप्रमाणे आता बटणवाल्याने प्रश्न विचारायचा होता. बटणावर आठवड्याला एक मूल. आणि त्या आठवड्याला पाळी होती फिलूची.

इतर वेळी तिच्या पाळीला ती बोट दाखवून भागवायची. पोरांना सवय होती. पण साहेबांना काय कळणार? ते इयरफोन हातात धरून तिच्याकडे बघत होते, ती त्यांच्याकडे. दाराशी तिची आई उभी होती. गण्याने तोंड उघडलं, मी डोळ्यांनीच त्याला दाबलं. बघता बघता ती बाकावरून उठली, बोट लाल बटणावर तसंच ठेवून. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सायेब, ठेवू की पुसू?"

"पूस!" साहेब जवळजवळ ओरडलेच. "पूस, बाळा, आधी पूस ते!"

असा हशा झाला म्हणता! साहेब स्वतः पोट धरून हसत होते, ट्रस्टी हसत होते, पोरं तर बाकांवर चढली होती. फिलूने बटण दाबलं. दाराशी तिची आई पदराने डोळे पुसत होती. सर माझ्याजवळ सरकले आणि कुजबुजले, "बाई, हीच ना?" मी मान हलवली. सरांनी चष्मा काढला आणि तो पुसायला फार वेळ घेतला.

साहेबांनी गण्याकडून सगळी पद्धत समजून घेतली, पालथ्या पाटीसकट. जाताना म्हणाले, "झकास आहे तुमचा वर्ग." टीव्ही मात्र दुसऱ्या शाळेला गेला. त्यांनी भिंतभर तक्ते लावले होते म्हणे. आमच्या कपाटावरची जागा मी निवृत्त होईपर्यंत रिकामीच राहिली आणि सरांची ती हौस त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही, ही रुखरुख मला आजही आहे. सर पुढे आमच्यातल्या कुणी काही चुकीचं बोललं की चष्म्यावरून बघत विचारायचे, "बाई, ठेवू की पुसू?"

हल्ली माझ्या नातीच्या शाळेतल्या बाई रोज वर्गाचे व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकतात. कुणी कविता म्हणताना अडलं, कुणी रडलं, सगळं दोन मिनिटांत सगळ्यांच्या खिशात. पोर मोठी गुणी आहे ती, तळमळीने शिकवते. आमच्यासारखीच तिलाही नव्या खेळण्याची हौस आहे आणि मला त्याचं कौतुकच वाटतं. मी तिला भेटले आणि ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अय्या, पण मुलांना विचारायचं हे कधी डोक्यातच आलं नाही." आता ती विचारते. नात सांगते, निम्मी पोरं 'पुसा' म्हणतात आणि त्यांना त्यात भारी मजा येते.

साहेब गेले त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, फिलू दप्तर पाठीला लावून परत आली होती. म्हणाली, "बाई, माझा भरा आता." ती कोरी झालेली कॅसेट मी लावली आणि पाठ करून खिडकीपाशी गेले. ती बोलली, कॅसेटची बाजू भरेपर्यंत बोलली. मग इयरफोनने ऐकलं, आणि मी विचारायच्या आत म्हणाली, "ठेवा. कान मोडा."

मी कात्रीने कान मोडले. ती कॅसेट सरांच्या कपाटात गेली नाही, माझ्या घरी आली. आजही आहे.

हा लेख लिहायच्या आधी मी फिलूला फोन केला. वसईला असते, नातवंडं आहेत आता तिला. बोलायला लागली की थांबत नाही, विमान आलं तरी नाही. मी म्हटलं, अगं, तुझी गोष्ट लिहू का? ती हसली. "लिवा की बाई. नाव तेवढा नका घालू." मग मी विचारलं, आणि त्या कॅसेटवर तू काय बोललीस, तेही लिहू? संपादक खूश होतील.

 मला पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता.

"ता नको, बाई," ती म्हणाली. "ता ठेवा."

म्हणून ते इथे नाही.